‘पैसे नकोत, सर’

महिन्याकाठी दोन-तीन तरी निरोप मला असे येतात. पाठवणारा बावीस-चोवीस वर्षांचा, कधी नांदेडचा, कधी चिपळूणचा, हल्ली बऱ्याचदा पुण्यात इंजिनीअरिंग उरकून संगीताकडे वळलेला. लॅपटॉपवर केलेल्या कामाची लिंक सोबत असते आणि मजकुराचं वळण ठरलेलं असतं: सिनेमाचं संगीत करायचंय, अमुक संगीतकारांच्या कानावर माझं नाव घालाल का, पडेल ते काम करीन, पैसे नकोत.

शेवटचे दोन शब्द दर वेळी खटकतात. मुलगा ते नम्रतेने लिहितो हे मला कळतं. त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो होतो. पण प्रोग्रॅमर (संगणकावर वाद्यं बसवणारा) आणि संगीत संयोजक (चालीभोवती वाद्यांची रचना करणारा) म्हणून पंधरा वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. नवोदित आणि प्रस्थापित संगीतकारांमधलं नातं पुढे जिथे नासतं, त्याची सुरुवात या दोन शब्दांपासून होते. तरुणांनी ते लिहिणं थांबवायला हवं आणि मोठ्यांनी ते मान्य करणं.

पूर्वी ही नाती कशी जुळायची ते आधी सांगतो, कारण आजच्या मुलांनी तो देखावाच पाहिलेला नाही. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब. एका गाण्यासाठी पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये, गायक काचेपलीकडे, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसला की सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडायचं. संगीतकार गायिकेला चाल कशी सांगतो, संयोजक नोटेशनचे कागद कसे वाटतो, निर्माता कशावरून कुरकुरतो, वेळ संपत आली की म्युझिक पीसमधला कोणता भाग कापला जातो, हे त्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

प्यारेलाल अशाच रांगांमधून पुढे आले. त्यांना व्हायोलिनचे धडे मिळाले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या गोवेकर वादक-संयोजकाकडून. लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवायचे. दोघांनी कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून काम केलं आणि १९६३ साली त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘दोस्ती’साठी माउथ ऑर्गन वाजवला तो राहुलदेव बर्मन यांनी, जे तोवर स्वतः संगीतकार झाले होते. गोव्याचेच दत्ता नाईक, म्हणजे एन. दत्ता, सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९५५मध्ये स्वतंत्रपणे उभे राहिले. त्याही आधी तळकोकणातून आलेले वसंत देसाई ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेत उमेदवारी करत होते. गोविंदराव टेंबे आणि मास्टर कृष्णराव यांचं काम जवळून पाहत, गाऊन, वाजवून, छोट्या भूमिका करून ते तयार झाले, आणि पुढे व्ही. शांताराम बापूंच्या ‘राजकमल’ या संस्थेचं संगीत त्यांनी सांभाळलं.

या माणसांनी ‘ओळख वाढवायला हवी’ म्हणून काही वेगळं केलं असेल असं मला वाटत नाही. हॉलच ओळख करून द्यायचा. तुमचा गज कसा फिरतो, तुम्ही वेळेवर येता का, नोटेशन पहिल्या नजरेत वाचता का, हे साठ माणसांना एकाच दिवशी कळायचं.

तो हॉल आता जवळपास नाही. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करायचं तंत्र, आलं, सिंथेसायझर आलं, मग संगणक आला. आज व्हायोलिनचा ताफा चेन्नईत वाजतो किंवा बुडापेस्टमध्ये, आणि आपण अंधेरीतल्या खोलीत बसून तो नेटवरून ऐकतो. बासरीवाला त्याच्या घरच्या माइकवर वाजवून फाइल पाठवतो. सहायक रात्री दोन वाजता हेडफोन लावून ड्रम्सचे स्टेम्स, म्हणजे मिक्सिंगसाठी सुटे ट्रॅक, काढत असतो आणि संगीतकारांच्या सूचना व्हॉइस नोटवर येतात. दोन वर्षं एका मोठ्या नावाकडे काम करूनही एकाही दिग्दर्शकाला न भेटलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या कामाला साक्षीदार एकच, आणि तोच त्यांचा मालक.

म्हणून जे पूर्वी आपोआप व्हायचं ते आता ठरवून करावं लागणार आहे, आणि ठरवून करायचं म्हटलं की अटी आल्या. या क्षेत्रात अटींचं नाव काढलं की लोक अवघडतात. लगेच गुरु-शिष्य परंपरेची आठवण करून दिली जाते. ‘आम्ही पैसे विचारले नाहीत, सेवा केली,’ असं ज्येष्ठ सांगतात, आणि मुलगा मान खाली घालतो.

मला या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच तिचा असा वापर सहन होत नाही. गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याला गुरूचं घर जेवू घालायचं. शिष्य पाणी भरायचा हे खरं, पण गुरू त्याला तालीम द्यायचा, त्याच्या पोटाची काळजी घ्यायचा, आणि वेळ आली की मैफिलीत मागे तंबोऱ्यावर बसवायचा. ते मागे बसणं फार महत्त्वाचं होतं. हजार माणसं शिष्याला पाहत असत. गुरू मध्येच मागे वळून ‘गा’ म्हणून खूण करत आणि शिष्याचा एक आलाप सगळ्या सभागृहाच्या कानी पडे. दुसऱ्या दिवशी लोक विचारत, मागे कोण होता रे? सवाई गंधर्व महोत्सवात आजही हे दिसतं. सिनेमाच्या खोलीत पोटाची काळजी गेली, तालीम गेली, तंबोरा गेला. पाणी भरणं तेवढं उरलं. त्याला परंपरा म्हणणं हा त्या परंपरेवरच अन्याय आहे.

माझाच अनुभव सांगतो. पहिली साडेतीन वर्षं मी एका संगीतकारांकडे होतो. माणूस प्रतिभावान होता, माझ्याशी प्रेमाने वागायचा आणि त्यांच्याकडून मी खूप शिकलो, हे आधी नोंदवतो. पहिलं वर्ष मी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वर्षापासून ‘हे ठेव’ म्हणून कधी काही, कधी काहीच नाही. त्यांच्या एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत करताना शेवटच्या रिळातला सव्वाचार मिनिटांचा तुकडा मी एका रात्रीत लिहिला. संगीतकार, म्हणजे आमचे दादा, आजारी होते, मिक्सिंगची तारीख ठरलेली होती. सकाळी त्यांनी तो ऐकला, दोन ठिकाणी चेलो कमी करायला सांगितले आणि तसाच पुढे पाठवला. चित्रपट लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. शेवटची नामावली संपेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. माझं नाव आलं. ते ‘विशेष आभार’खाली होतं, ज्यांनी चित्रीकरणाला बंगला दिला त्यांच्या नावाच्या लगेच खाली.

आईला आनंद झाला. मला मात्र त्या शब्दाने हलवून टाकलं. आभार कुणाचे मानतात? ज्याने उपकार केला त्याचे. बंगलेवाल्यांनी जागा दिली होती, त्यांचे आभार योग्यच. मी काम केलं होतं. पण रागावायचं कुणावर? ‘पैसे नकोत’ असं म्हणून माझं काम उपकाराच्या खात्यात मीच टाकलं होतं. साडेतीन वर्षांनी त्या खात्यातून आभारच निघणार होते.

फुकट कामाची आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. दोन वर्षं बिनपगारी मुंबईत कोण राहू शकतो? ज्याचं घर मुंबईत आहे तो, किंवा ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात तो. औसा किंवा आटपाडीच्या मुलाला, ज्याच्या कानात तिथल्या ढोलाचा घुमारा आहे, सहा महिन्यांत परत जावं लागतं. मग आपण तक्रार करतो की सिनेमाच्या संगीताला मातीचा वास येत नाही. तो वास घेऊन आलेल्यांना आपण खोलीच्या भाड्यावर गाळून टाकलेलं असतं.

‘चाल माझी, कल्पना माझी, सहायक तर नुसता हात’ असा ज्येष्ठांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. गाण्याचा जीव चालीत असतो, आणि ती ज्याची त्याचं नाव मोठ्या अक्षरात यायलाच हवं. पण गाणं सुरू होण्याआधीचा पीस, दोन कडव्यांमधला पीस, ज्यावर लोक टाळ्या धरतात, तो कित्येकदा संयोजकाचा असतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतल्या व्हायोलिनच्या लाटांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते. राहुलदेवांच्या खोलीत मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर होते. मराठी रसिकांनी तरी ‘संगीत संयोजन: अनिल मोहिले’ ही ओळ वाचलेली आहे आणि तिचा मान ठेवलेला आहे. म्हणजे नाव दिल्याने मूळ संगीतकाराचं काही कमी होत नाही, हे आपल्याच घरात सिद्ध झालंय. पार्श्वसंगीतात तर चाल आणि संयोजन अशी रेघ मारणंही अवघड. तिथे ज्याने तुकडा लिहिला तो लेखकच.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे ज्येष्ठांना एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. संगीतकार आणि गीतकार पुढची पस्तीस वर्षं या निकालाच्या सावलीत राहिले. गाणं जगभर वाजायचं आणि त्यांना एकदाच दिलेल्या रकमेवर समाधान मानावं लागायचं. मग ही माणसं एकत्र आली, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली, आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीतला, म्हणजे त्या वापराच्या पैशांतला, वाटा लिहून देऊनही टाकता येणार नाही, असं संरक्षण मिळालं. त्या लढ्यात निर्माते नेमकं हेच म्हणत होते: पैसा आमचा, जोखीम आमची, तुम्ही तर नेमलेले. संगीतकारांनी तो युक्तिवाद नाकारला आणि ते बरोबर होते. तोच युक्तिवाद आज त्यांच्या खोलीतल्या मुलाला ऐकवला जातो तेव्हा मला वाईट वाटतं.

त्याच कायद्याचं ५७वं कलम सांगतं की हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कागदावर हा अधिकार त्या सव्वाचार मिनिटांनाही होता. पण खोलीत एकच साक्षीदार असताना आणि पुढचं काम त्याच्याच शब्दावर अवलंबून असताना कोर्टात कोण जातो? म्हणून मला कोर्टापेक्षा रीत बदलण्यात रस आहे, आणि रिती बदलतात. १९४९च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. तेव्हाचा रिवाजच तो होता. लताबाईंनी खऱ्या नावाचा आग्रह धरला आणि काही वर्षांत तो रिवाज असा पुसला गेला की आज ऐकणाऱ्याला नवल वाटतं.

हॉलिवूडमध्ये या कामासाठी एक साधा कागद असतो, क्यू शीट. चित्रपटातला प्रत्येक तुकडा किती सेकंदांचा, कुणी लिहिला, कुणाचा किती टक्के वाटा, हे त्यावर असतं, आणि रॉयल्टी त्यानुसार जाते. तिथले नामवंत संगीतकार हान्स झिमर आधी लंडनमध्ये संगीतकार स्टॅनली मायर्स यांच्याकडे सहायक होते. पुढे त्यांनी सांता मोनिकात स्वतःचा मोठा स्टुडिओ उभारला, तिथून हॅरी ग्रेगसन-विल्यम्स, रमीन जवादी असे कितीतरी संगीतकार बाहेर पडले, आणि त्यांच्या चित्रपटांच्या नामावलीत ‘अतिरिक्त संगीत’ म्हणून सहकाऱ्यांची नावं दिसतात. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. नाव न लागता दुसऱ्यासाठी लिहिणारे तिथेही आहेत आणि त्यांच्या तक्रारी कडवट आहेत. पण तक्रार करायला तिथे एक कागद असतो. आपल्याकडेही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत कृतीची नोंद करताना वाटे लिहिता येतात. लिहायचे की नाही, हे त्या खोलीतल्या मोठ्या माणसाच्या हातात आहे.

माझी मागणी एका पानाची आहे. दरमहा किती, नामावलीत कोणत्या शब्दांत नाव, एखादा तुकडा पूर्ण सहायकाने लिहिला तर वाटा किती, चित्रपट डब्यात गेला तर झालेल्या कामाचं काय. वकील नको, मराठीत लिहिलं तरी चालेल. असं पान आधी लिहिलं तर नंतर प्रेमाने वागणं दोघांनाही सोपं जातं, हा माझा अनुभव आहे. गेली सहा वर्षं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाशी मी असं पान लिहितो. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच गरजेचं आहे. हे काम रात्रीचं, बंद खोलीतलं, दोन-तीन माणसांत चालणारं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक नसते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, पण हे आमच्या लाइनीतल्या किती जणींना कुणी सांगितलंय? कामाच्या वेळा, घरी पोचवायची जबाबदारी, तक्रार कुठे करायची, हे त्याच पानावर यावं.

तरुणांनाही मला काही सांगायचंय, आणि ते गोड नाही. वीस गाण्यांची लिंक पाठवू नका. कुणी ऐकत नाही. ऐकायला वेळ नसतो. दीड मिनिटाचा एकच तुकडा पाठवा, चित्रावर बसवलेला, संवादाखाली स्वतःला आवरणारा. संवादाखाली आवरता येणं हे पार्श्वसंगीतातलं अर्धं कौशल्य आहे आणि नव्या मुलांच्या कामात तेच नसतं. दुसरं असं की मोठ्या संगीतकाराला तुमच्या चालीची गरज नाही. त्याच्याकडे चाली आहेत. त्याच्याकडे नोटेशन लिहिणारा नसतो, स्टेम्स नीट नावं देऊन ठेवणारा नसतो, चेन्नईच्या वादकांशी वेळेवर बोलणारा नसतो. ते घेऊन जा. अशोक पत्की सुमन कल्याणपूर यांच्या साथीला हार्मोनियम वाजवत, अभिषेकीबुवांच्या नाट्यसंगीताच्या कामात हातभार लावत पुढे आले. आज ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ म्हटलं की त्यांचं नाव घ्यावं लागतं, पण सुरुवात दुसऱ्याच्या गाण्याला नीट साथ करण्यातून झाली होती.

आणि खोलीतलं खोलीत ठेवा. प्रदर्शित न झालेल्या गाण्याचे आठ सेकंद स्टोरीवर टाकून नोकरी गमावलेला मुलगा मला माहीत आहे. त्यात मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे. विश्वास ही त्यांची हक्काची मागणी आहे.

तिसरी गोष्ट कदाचित सगळ्यांत मोलाची. मोठ्यांकडे पाहता पाहता बरोबरीच्यांकडे पाठ फिरवू नका. हॉलिवूडचे संगीतकार लुडविग योरान्सन यांनी थिओडोर शपिरो या संगीतकारांकडे सहायकी केली हे खरं, पण त्यांना ऑस्करपर्यंत नेणारं नातं वेगळंच होतं. कॅलिफोर्नियात एकाच विद्यापीठात शिकत असताना रायन कूगलर या विद्यार्थ्याच्या लघुपटाला त्यांनी संगीत दिलं होतं. तोच दिग्दर्शक पुढे ‘ब्लॅक पँथर’ घेऊन आला. पुण्यात जिथे ‘प्रभात’ होतं, जिथे वसंत देसाई वावरले, तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दर वर्षी तिथली मुलं लघुपट करतात आणि त्यांना संगीत लागतं. लॉ कॉलेज रोडवर राहून, तिथल्या एकाही विद्यार्थ्याला न भेटता, मुंबईतल्या मोठ्या नावांना निरोप पाठवणारी मुलं मला भेटली आहेत.

मागच्या आठवड्यात आलेल्या निरोपाला मी उत्तर दिलं. मुलगा नांदेडचा, वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ‘पैसे नकोत हे खोडून पुन्हा लिही,’ एवढंच कळवलं. दोन दिवस काही आलं नाही. मला वाटलं, दुखावला. तिसऱ्या दिवशी आलं. ‘ब्रास सेक्शनचं नोटेशन लिहिता येतं, चारही ओळींचं. वडिलांच्या बँडसाठी लिहिलेले कागद जोडतोय. खोलीचं भाडं निघेल एवढं मिळालं तर एक तारखेपासून येऊ शकतो. नाव कुठे लागेल ते आधी सांगाल का?’

कागद उघडून पाहिले. शाईपेनने लिहिलेले, सुबक. एक तारखेला बोलावलंय.